पहिल्या कॅमेऱ्यासाठी झूम भिंग

अंगणात खेळणाऱ्या लेकरापासून देवळाच्या कळसापर्यंत सर्व काही एकाच भिंगाच्या आवाक्यात यावे, अशी इच्छा नवशिक्या छायाचित्रकाराच्या मनात उत्पन्न होणे अगदी स्वाभाविक आहे. आणि कॅमेऱ्यासोबत मिळालेले 18-55 मिलिमीटरचे किट लेन्स अपुरे भासू लागताच तो 18-200, 18-300, किंबहुना टॅमरॉनने 2017 साली आणलेल्या 18-400 पर्यंतच्या भिंगांची चौकशी करू लागतो. पण पल्ला जितका विस्तृत, तितक्या तडजोडी अधिक. रुंद दृश्य आणि दूरची वस्तू या दोहोंसाठी एकाच काचसंचाला राबावे लागते, त्यामुळे रुंद टोकाला सरळ रेषा वाकतात, लांब टोकाला रेखीवपणा उणावतो, आणि वजन वाढते ते निराळेच.

पल्ल्याइतकेच, माझ्या मते त्याहूनही अधिक, लक्ष भिंगाच्या कडेवर छापलेल्या 1:3.5-5.6 अशा आकड्यांकडे द्यावे. अ‍ॅपर्चर, म्हणजे प्रकाशाला वाट देणारे छिद्र, रुंद टोकाला 3.5 पर्यंत उघडते, लांब टोकाला मात्र 5.6 वरच थांबते, आणि 2.8 पर्यंत उघडणाऱ्या भिंगाच्या मानाने 5.6 ला प्रकाश एक-चतुर्थांश मिळतो. संध्याकाळच्या मंगलकार्यालयात 2.8 वर सेकंदाच्या एकशेविसाव्या भागात जे छायाचित्र निघाले असते, त्याला आता तिसावा भाग लागतो, आणि तेवढ्या अवधीत हळद लावणाऱ्या करवलीचा हात पुसट होऊन जातो. कॅननच्या भिंगावरील आयएस किंवा निकॉनच्या भिंगावरील व्हीआर ही योजना आपल्या हाताचा कंप आवरते. करवलीच्या हातावर तिचा अंमल चालत नाही.

म्हणून ज्यांची बहुतेक छायाचित्रे घरातली व समारंभातली, त्यांनी पल्ल्याचा मोह सोडून टॅमरॉन किंवा सिग्मा यांचे 17-50, 2.8 हे भिंग पाहावे. प्रवास, गड-किल्ले, जत्रा यांची हौस असणाऱ्यांना कॅननचे 18-135 किंवा निकॉनचे 18-140 पुरेसे आहे. त्यापुढची हाव मी तरी धरणार नाही. निकॉनच्या डी 3500 सारख्या प्राथमिक कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते, यास्तव जुन्या एएफ-डी भिंगावर स्वयंचलित फोकस मिळत नाही. भिंगातच मोटर (निकॉनच्या भिंगावर उदाहरणार्थ एएफ-एस ही अक्षरे) असल्याची खातरजमा करूनच पैसे द्यावेत.

खर्चाची तरतूद जुजबी असेल तर वापरलेले भिंग घेण्यास हरकत नाही, परंतु मुंबई-कोकणच्या दमट हवेत काचेला बुरशी धरते, हे विसरून चालणार नाही. दोन्ही झाकणे काढून, छिद्र पूर्ण उघडून, एका बाजूने विजेरीचा प्रकाश टाकावा. कोळिष्टकासारखे बारीक तंतू दिसले तर भाव कितीही उतरला तरी ते भिंग घेऊ नये. मग भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवून दोन्ही टोकांना एकेक छायाचित्र काढावे आणि कोपऱ्यांतली अक्षरे मोठी करून वाचावीत.

आणि हे सारे करण्यापूर्वी आपलीच जुनी छायाचित्रे संगणकावर उघडावीत, कारण प्रत्येक छायाचित्र किती मिलिमीटरवर टिपले याची नोंद त्याच्या फायलीत असते. पंचावन्नावर येऊन अडलेली छायाचित्रे त्यांत मूठभरच निघाली, तर केवळ पल्ल्यासाठी नवे भिंग तूर्त घेऊ नये.