व्यसन सुटल्यानंतरचा धोका

गर्द ओढणारा सर्वाधिक धोक्यात कधी असतो? व्यसन कळसाला पोहोचल्यावर, असं आपण धरून चालतो. पण काही आठवडे गर्दविना काढून पुन्हा ओढलेली पहिली पुडी त्याहून घातक ठरू शकते. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्या कैद्यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचा धोका इतर रहिवाशांच्या सुमारे तेरापट निघाला. त्यात अमली पदार्थांच्या अतिमात्रेचे बळी सर्वाधिक होते.

गर्द म्हणजे अशुद्ध हेरॉइन. मेंदूत त्याचं मॉर्फिन होतं आणि ते चेतापेशींवरच्या ठरावीक ग्राहींना चिकटतं. शरीर स्वतः बनवतं त्या एन्डॉर्फिनसारख्या वेदनाशामकांसाठीचे हे ग्राही. ते व्यापले गेले की दुखणं बोथट होतं, सुख वाटतं. पण तसेच ग्राही श्वासाची लय सांभाळणाऱ्या पेशींवरही असतात. मात्रा जास्त झाली की श्वास मंदावतो आणि थांबतो. रोज गर्द मिळू लागलं की पेशी त्याला दाद देईनाशा होतात, म्हणून मात्रा वाढत जाते. पुडी बंद केल्यावर ही सहनशक्ती काही दिवस-आठवड्यांत ओसरते. गर्दची ओढ मात्र वर्षानुवर्षं टिकते. जुन्या ओढीपायी माणूस जुनीच मात्रा घेतो. शरीर आता ती पेलणारं नसतं.

सहनशक्तीचा संबंध जागेशीही असतो. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ शेपर्ड सीगल यांनी १९८२ साली उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंदरांना एका खोलीत हेरॉइनची वाढती मात्रा आणि दुसऱ्या खोलीत नुसतं साखरेचं द्रावण आलटून पालटून टोचलं. शेवटी सगळ्यांना एकच मोठी मात्रा दिली. ती हेरॉइनच्या नेहमीच्या खोलीत मिळालेल्यांपैकी सुमारे ३२ टक्के मेले, दुसऱ्या खोलीत मिळालेल्यांपैकी ६४ टक्के. पूर्वी हेरॉइन कधीच न मिळालेले जवळजवळ सगळे दगावले.

सीगल यांचं स्पष्टीकरण असं: ओळखीची जागा दिसताच शरीर हेरॉइनच्या परिणामाविरुद्धची तयारी आधीच सुरू करतं. परक्या जागी ही तयारी होत नाही, आणि तीच मात्रा जिवावर बेतते. व्यसनमुक्त माणूस जुन्या अड्ड्यावरून गेला, गर्द ओढायची चंदेरी पन्नी दिसली, तरी ही तयारी होते. पण हेरॉइन येत नाही. मग घाम, अस्वस्थता, तलफ, म्हणजे गर्द बंद झाल्यावरच्या ज्या त्रासाला गर्दुल्ले ‘टर्की’ म्हणतात त्याचीच झलक.

म्हणून टर्की संपली की उपचार संपले, असं समजणं चुकीचं. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या ‘मुक्तांगण’सारख्या केंद्रांत समुपदेशनावर, कुटुंबाला सोबत घेण्यावर आणि नंतरच्या पाठपुराव्यावर भर असतो, त्याचं कारण हेच. ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेत राहिल्यास तलफ आटोक्यात राहते आणि मृत्यूही घटतात.

घरच्यांनी धोक्याच्या खुणा ओळखायला हव्यात: माणूस हलवूनही जागा होत नाही, श्वास मंद किंवा घरघरता, ओठ निळसर, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. अशा वेळी ‘झोपू दे, उतरेल’ म्हणू नये. लगेच १०८ वर फोन करावा आणि त्याने काय घेतलंय ते न लपवता सांगावं. नॅलॉक्सोन हे औषध वेळेत मिळालं, तर काही मिनिटांत श्वास परत येऊ शकतो. व्यसनमुक्तीच्या मदतीसाठी १४४४६ हा राष्ट्रीय क्रमांक आहे. पाय पुन्हा घसरला हे लाजेपोटी दडवलं, तर माणूस एकट्याने ओढतो, आणि श्वास अडखळला तर मदतीला हाक मारणारं जवळ कुणी नसतं.