तिथीवर चालणारा दर्या
आमच्या सातपाटीत बोट कधी काढायची, हे तिथी ठरवते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीनच्या सुमारास. पुनवेला-अवसेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. मासेमारीची सरकारी बंदी ३१ जुलैला संपते. पण सोनेरी कागदातला नारळ दर्याला वाहिल्याशिवाय बोट लोटायची नाही, हा आईचा हट्ट. २०२३मध्ये अधिक श्रावण आला नि नारळी पौर्णिमा थेट ३० ऑगस्टला गेली. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी तोकडं, ती तूट अधिक महिना भरून काढतो. व्हिएतनामातही हाच हिशेब. तिथेही २०२३मध्ये अधिक महिना होता. म्हणून त्यांचं नववर्ष, ‘तेत’, २२ जानेवारीवरून पुढच्या वर्षी १० फेब्रुवारीला सरकलं.