भूकंपाच्या बातमीतलं ‘खोली १० किमी’ म्हणजे नेमकं काय?

भूकंपाचा धक्का बसला की काही वेळातच राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राची नोंद मोबाइलवर फिरू लागते. तीव्रता, वेळ, अक्षांश, रेखांश आणि शेवटी खोली. आपण तीव्रता वाचतो, नकाशावरचा ठिपका बघतो आणि पुढे जातो. पण नुकसान किती होऊ शकतं, हे समजायला खोलीही पाहावी लागते.

दोन आकडे का पुरत नाहीत?

कलिंगडाच्या सालीवरची खूण कुठे आहे, हे दोन आकड्यांत सांगता येतं. आतली बी कुठे आहे हे सांगायचं, तर ती सालीपासून किती आत आहे, हा तिसरा आकडाही लागतो. पृथ्वीच्या गोळ्यातही तसंच. जमिनीखाली जिथे खडक सरकतो, ती भूकंपनाभी. तिच्या बरोबर वर जमिनीवर असतं ते अपिकेंद्र. मोबाइलच्या नकाशावर दिसतो तो ठिपका अपिकेंद्राचा.

किल्लारी आणि ओखोत्स्क

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. खोली सुमारे १० किमी. जवळपास १० हजार माणसं गेली. २४ मे २०१३ रोजी रशियाच्या पूर्वेला ओखोत्स्क समुद्राखाली ८.३ तीव्रतेचा भूकंप झाला. त्याची ऊर्जा किल्लारीच्या हजारपटीहून जास्त होती, हादरे मॉस्कोपर्यंत जाणवले, पण जीवितहानी झाली नाही. खोली होती सुमारे ६०० किमी.

पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किमी आहे. ती एक मीटर त्रिज्येचा गोळा आहे असं समजा. किल्लारीची भूकंपनाभी पृष्ठभागाखाली जेमतेम दीड मिलिमीटरवर येते, ओखोत्स्कची साडेनऊ सेंटिमीटरवर. इतक्या खोलून येताना लहरींचा जोर ओसरतो. अर्थात, किल्लारीत दगड-मातीची जड घरं आणि झोपेची वेळ हीही कारणं होती.

खोली कळते कशी?

भूकंपाच्या प्राथमिक लहरी आधी पोहोचतात, दुय्यम लहरी नंतर. दोन्हींमधल्या वेळेच्या फरकावरून प्रत्येक नोंदणी केंद्राला भूकंपनाभीपासूनचं अंतर कळतं. अनेक केंद्रांची अंतरं जुळवली की गोळ्याच्या आतला तो बिंदू सापडतो.

मात्र जवळपास केंद्र नसेल, तर खोली नीट ठरवता येत नाही. अशा वेळी अमेरिकेची भूगर्भ सर्वेक्षण संस्था अनेकदा १० किमी खोली गृहीत धरून बाकीचं गणित करते. म्हणून तिच्या नोंदींत हा आकडा वारंवार दिसतो.

पुढच्या वेळी काय पाहाल?

खोली ७० किमीपेक्षा कमी असेल तर भूकंप उथळ, ७० ते ३०० किमी असेल तर मध्यम आणि त्याहून जास्त असेल तर खोल मानतात. तीव्रता सारखीच असेल, तर वरच्या वस्तीला जास्त धोका उथळ भूकंपाचा.