गर्भनिरोधक गोळ्या आणि लांबलेला रक्तस्राव

सुरतच्या लिंबायत, उधना या भागांत यंत्रमागाच्या कामासाठी खानदेशातून आलेली मराठी भाषक कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. या वस्त्यांतील विवाहित विद्यार्थिनीही महाविद्यालयांत येतात. म्हणून शिक्षिकांना पुढील माहिती असणे अगत्याचे आहे.

सरकारी योजनेतून मोफत मिळणाऱ्या ‘माला-एन’च्या पाकिटात संप्रेरकांच्या २१ आणि लोहाच्या ७ गोळ्या असतात. पाळी येते ती लोहाच्या गोळ्यांमुळे नव्हे, तर त्या दिवसांत संप्रेरके बंद झाल्यामुळे. या गोळ्यांनी गर्भाशयाचे अस्तर पातळ राहते. पहिल्या तीन महिन्यांत ते स्थिरावलेले नसते. त्यामुळे मधेच डाग पडतात किंवा पाळी लांबते. गोळी चुकली, वेळ पुढेमागे झाली, उलटी झाली, तरी हेच घडते. ‘गोळ्या बाधल्या’ असे म्हणून पाकीट मधेच टाकले जाते आणि नको असताना दिवस राहतात. चुकलेली गोळी आठवताच घ्यावी व पाकीट पूर्ण करावे. रमजानमध्ये इफ्तारनंतरची वेळ ठरवून घेणे सोयीचे.

एका कारणाकडे मात्र फारच दुर्लक्ष होते. ते म्हणजे क्षयरोगाचे औषध. रिफाम्पिसिनमुळे यकृत संप्रेरकांचा निचरा झपाट्याने करते. रक्तस्राव होतो आणि गोळीचे संरक्षणही भरवशाचे राहत नाही. नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा असतो व हा परिणाम औषध थांबल्यावरही सुमारे चार आठवडे टिकतो. अशा स्त्रीने तांबीसारखा दुसरा उपाय डॉक्टरांना विचारावा. क्षयाचे औषध थांबवणे हा उपाय नव्हेच.

दुसरी अडचण इबादतीची. लांबलेला प्रत्येक दिवस हैजचा समजून कित्येक स्त्रिया नमाज व रोजे सोडून देतात. हनफी मतानुसार हैजची कमाल मर्यादा १० दिवस आहे, शाफई मतानुसार १५. हनफी मतात स्राव १० दिवसांपलीकडे गेल्यास नेहमीच्या सवयीचे दिवस हैज आणि उरलेले इस्तिहाजा ठरतात. इस्तिहाजात गुस्ल करून, प्रत्येक नमाजच्या वेळी नवा वजू करून नमाज अदा करावयाची असते; रोजाही ठेवावयाचा असतो. जिचे दिवस ठरलेले नाहीत, तिने आलिमांना विचारावे.

फिकहचा हा हिशेब इबादतीपुरता आहे. दवाखान्यात जाण्यासाठी दहा दिवस मोजत बसू नये. तासागणिक पॅड भिजत असेल, चक्कर येत असेल, पोटात तीव्र दुखत असेल किंवा गर्भाची शंका असेल, तर त्याच दिवशी जावे. संबंधानंतर रक्त जात असेल किंवा तीन महिन्यांनंतरही स्राव चालू असेल, तरीही तपासणी टाळू नये. जाताना गोळ्यांचे पाकीट आणि चालू असलेली सर्व औषधे सोबत न्यावीत.