देखावा आणि खेळ
पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ हा व्हिडिओ गेम २०२० मध्ये आला. पहाडी लघुचित्रांच्या वळणाची दृश्ये आणि छायाबाहुल्यांतून उलगडणारी कथा वाखाणली गेली. ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या गेमसाठी नामांकनही मिळाले. समीक्षकांची तक्रार होती ती लढाईबद्दल, म्हणजे देखाव्याबद्दल नव्हे तर खेळण्याबद्दल. चित्र जाहिरातीत दिसते. बटणाला मिळणारा प्रतिसाद खेळल्याशिवाय कळत नाही, त्यामुळे गेम बनवणाऱ्यांना देखाव्याचा मोह होणे स्वाभाविकच. तो नवाही नाही. १९८३ च्या ‘ड्रॅगन्स लेअर’ या गेममध्ये ॲनिमेटर डॉन ब्लूथ यांचे देखणे ॲनिमेशन होते, खेळाडूकडे मात्र नेमक्या क्षणी दांडी वळवणे किंवा बटण दाबणे एवढेच उरले. याउलट १९९८ च्या ‘हाफ-लाइफ’ या गेमने खेळाडूच्या हातची सूत्रे सहसा न काढताच कथा सांगितली.