बदलीच्या गावी घर : भाड्याचे की मालकीचे?

दरवर्षी एप्रिल-मे महिना आला, की आपल्या संस्थेच्या कचेरीत एक प्रश्न हमखास येतो. मुलगा किंवा जावई लष्करात आहे, बदलीचा हुकूम हाती पडला आहे आणि घरात दोन पक्ष पडले आहेत. एक पक्ष म्हणतो, भाड्यात पैसे घालविण्यापेक्षा तेथेच एखादा फ्लॅट घेऊन टाकावा. दुसरा म्हणतो, आज येथे तर उद्या कोठे, मालकीची उठाठेव हवी कशाला? मग दोन्ही पक्ष मिळून आमच्याकडे येतात आणि ‘आता तुम्हीच सांगा’ म्हणून बसतात. आजवर जे तोंडी सांगत आलो, ते ह्या स्मरणिकेच्या निमित्ताने एकदा लिहून काढावे असे ठरले, ते हे.

बेळगावात हा प्रश्न इतक्या वेळा निघावा ह्यात नवल नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र १९२२ पासून आपल्या गावात आहे. बेळगाव, खानापूर, चंदगड, गडहिंग्लज ह्या बाजूच्या खेड्यांतून पलटणीत जाण्याची चाल त्याहूनही जुनी. आपल्या सभासदांचे आप्त महू, सिकंदराबाद, वडोदरा, ग्वाल्हेर, देवळाली अशा छावण्यांच्या गावी विखुरलेले आहेत, आणि तेथूनही पुढे दर दोन-तीन वर्षांनी हलत असतात. ‘घर पाहावे बांधून’ ही म्हण ज्याने केली, त्याची बदली कधी झाली नसावी असे आम्हांस वाटते.

मुळात ‘भाड्याचे की मालकीचे’ हा एक प्रश्न नव्हे. फौजी माणसाला तीन घरे लागतात. पहिले, तो स्वतः नोकरीवर असेल तेथले. दुसरे, मुलांच्या शाळेच्या वर्षांत कुटुंब राहील ते. आणि तिसरे, निवृत्तीनंतर सर्वांनी मिळून राहावयाचे. पोस्टातल्या किंवा बँकेतल्या माणसाची ही तीन घरे बहुधा एकाच गावात, पुष्कळदा एकाच छपराखाली असतात, म्हणून त्याला वेगळा विचार करावा लागत नाही. फौजीची तिन्ही तीन गावांत असू शकतात. आमचे मत असे, की विकत घ्यावयाचे ते तिसरे घर. दुसरे, कुटुंब तेथे दहा-बारा वर्षे खरोखरच टिकणार असेल तर घ्यावे. पहिले मात्र कधीही घेऊ नये. घरात वाद होतो तो बहुतेक वेळा ह्या तिघांची सरमिसळ झाल्यामुळे.

‘भाडे म्हणजे पाण्यात गेलेला पैसा’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्यासाठी आम्ही कागदावर एक हिशेब मांडून ठेवला आहे. समजा, ५० लाखांचा फ्लॅट घेतला. पदरचे १२ लाख घातले आणि ३८ लाख कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी काढले. महिन्याचा हप्ता सुमारे ३३ हजार बसतो. तीन वर्षांत ११ लाख ८७ हजार रुपये भरले जातात, आणि बदली आली म्हणून घर विकावयास काढावे तर कर्ज फिटलेले असते अवघे अडीच लाख! उरलेले ९ लाख ४० हजार हे केवळ व्याज. भाडे पाण्यात जाते म्हणणाऱ्यांनी हे व्याज कोठे जाते तेही सांगावे.

त्यावर खरेदीचा खर्च. मुद्रांकशुल्क, त्यावरील उपकर आणि नोंदणी मिळून कर्नाटकात आज किमतीच्या साडेसात टक्क्यांच्या आसपास जातात. ५० लाखांवर हे पावणेचार लाख होतात. विकताना दलालाचे एक टक्का धरले तर ५० हजार. तीन वर्षांची घरपट्टी, सोसायटीची वर्गणी, डागडुजी साठ हजार. शिवाय पदरचे जे पावणेसोळा लाख ह्यात अडकले, ते बँकेत सहा टक्क्यांनी राहते तर तीन वर्षांत तीन लाख आले असते, ते बुडाले. सगळे मिळून सव्वासतरा लाख. तसल्याच घराचे भाडे १४ हजार धरले तर तीन वर्षांचे होतात पाच लाख. म्हणजे मालकी भाड्याहून सव्वाबारा लाखांनी महाग पडली. ती भरून निघावयाची तर तो फ्लॅट तीन वर्षांनी ६२ लाखांच्या वर विकला गेला पाहिजे. जुन्या होत चाललेल्या फ्लॅटची किंमत दरसाल साडेसात टक्क्यांनी वाढेल, आणि ज्या महिन्यात हुकूम येईल त्याच महिन्यात गिऱ्हाईकही मिळेल, अशी ज्याची खात्री असेल त्याने खुशाल घ्यावा.

आकडे प्रत्येकाचे निराळे असतील, ते आपले आपण घालून पाहावेत. मुद्दा एवढाच, की खरेदी-विक्रीचा सव्वाचार लाखांचा खर्च एकदाच होतो. तीन वर्षांत वाटला तर वर्षाला १ लाख ४० हजार पडतो, बारा वर्षांत वाटला तर पस्तीस हजार. घर महाग की स्वस्त हे पुष्कळसे ह्या मुदतीवर ठरते. करात सवलत मिळते म्हणून कर्ज काढावे, असेही कोणी सुचवितात. २०२३-२४ पासून जी नवी करपद्धत आपोआप लागू होते, तीत राहत्या घराच्या कर्जव्याजाची वजावट मिळत नाही. तेव्हा ही सवलत गृहीत धरू नये.

आता भाड्याच्या बाजूचे. शांततेच्या ठिकाणी, म्हणजे आपले लोक ज्याला ‘पीस’ म्हणतात तेथे, सरकारी क्वार्टर मिळाले तर घरभाडे भत्ता मिळत नाही. क्वार्टरसाठी थांबावे लागले आणि बाहेर राहावे लागले, तर मिळतो. सातव्या वेतन आयोगाच्या पद्धतीने जानेवारी २०२४ पासून हा भत्ता पुणे-हैदराबादसारख्या शहरांत मूळ वेतनाच्या ३० टक्के, बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा येथे २० टक्के आणि लहान गावी १० टक्के झाला. आयोग बदलला की दरही बदलतात, म्हणून चालू आकडा युनिटच्या कचेरीतूनच घ्यावा. वरच्या उदाहरणात मूळ वेतन ६० हजार असेल तर बेळगावात १२ हजार भत्ता येतो, आणि १४ हजारांच्या भाड्यात पदरचे दोनच हजार जातात. भाडे ‘अंगावर पडते’ ही तक्रार करण्यापूर्वी हे वजा करून पाहावे.

फील्डवर जाणाऱ्याचे निराळे. तेथे कुटुंब नेता येत नाही. काही गावी मागे राहिलेल्या कुटुंबांसाठी वेगळी क्वार्टर्स असतात, पण ती मागणीला पुरत नाहीत. हुकूम हाती येताच अर्ज घालावा, सामान बांधून झाल्यावर नव्हे. भाड्याने जागा घेताना करारात एक वाक्य न विसरता घालून घ्यावे : बदली झाल्यास एक महिन्याच्या सूचनेने जागा सोडता येईल आणि अनामत पूर्ण परत मिळेल. पुष्कळ छापील करारांत सहा किंवा अकरा महिने जागा सोडता येणार नाही अशी अट असते. ती वाचल्याशिवाय सही करून मग तीन महिन्यांचे भाडे फुकट भरलेली कुटुंबे आम्ही पाहिली आहेत. घरमालक बहुधा ही दुरुस्ती मान्य करतात. फौजी भाडेकरू जागा बळकावून बसत नाही, हे त्यांनाही ठाऊक असते.

मुलांच्या शाळेसाठी घर घ्यावे लागते, असे बायकांचे म्हणणे असते, आणि ते उडवून लावण्याजोगे नाही. पण केंद्रीय विद्यालये निघाली ती ह्याच अडचणीपायी. १९६३-६४ मध्ये पलटणींच्या वीस शाळा ताब्यात घेऊन त्यांची सुरुवात झाली, आणि बदली झालेल्याच्या मुलाला एका गावची शाळा सोडून दुसऱ्या गावी त्याच अभ्यासक्रमात बसता यावे हा त्यामागचा हेतू. तेव्हा निव्वळ शिक्षणासाठी एका जागी खुंटा मारण्याची गरज पूर्वीइतकी नाही. मात्र त्या शाळांत मुले हिंदी-इंग्रजीत वाढतात. ज्यांना मूल मराठी शाळेत, आजी-आजोबांच्या नजरेखाली वाढावे असे वाटते, ते कुटुंब बेळगावात ठेवतात. ते दहावीपर्यंत येथेच राहणार असेल, तर बेळगावातले हे घर वर सांगितलेल्या दुसऱ्या प्रकारात बसते. आणि निवृत्तीनंतरही येथेच यावयाचे असेल, तर दुसरे आणि तिसरे घर एकच झाले. अशांनी भाड्यात दिवस काढू नयेत असे आम्ही स्पष्ट सांगतो.

फौजी माणूस घर विकत घेतो तेव्हा तो स्वतः बहुधा तेथे नसतो. खरी गोम येथे आहे. आमच्या माहितीतील एक हकीकत नावे गाळून सांगतो. एका सुभेदाराने ईशान्येकडे असताना बेळगावात जागा घेतली आणि घर बांधले. रजा मिळेना, नोंदणीची तारीख टळेना. तेव्हा खरेदीपत्र धाकट्या भावाच्या नावे केले, ‘पुढे नावावर करून घेऊ’ असे म्हणून. भाऊ सज्जन होता, आजही आहे. पुढे नऊ वर्षे प्रत्येक रजेत लग्न, बारसे, देवकार्य निघाले आणि ते काम राहून गेले. सुभेदार आजारी पडून नोकरीतच वारला. भाऊ घर द्यावयास तयार होता, पण त्याचे मुलगे मोठे झाले होते आणि त्यांच्या लेखी कागदावर नाव बापाचे होते. वहिनी वकिलाकडे गेली तेव्हा कळले, की दुसऱ्याच्या नावे केलेल्या खरेदीवर आपला हक्क सांगण्यास १९८८ च्या बेनामी व्यवहारांच्या कायद्याने मनाई आहे. त्या कायद्यात पत्नी आणि मुले ह्यांच्या नावे स्वकष्टाच्या पैशाने घेतलेल्या मिळकतीस सूट आहे. भावाच्या बाबतीत, कागदावर दोघांची नावे असतील तरच. अखेर मागच्या दोन खोल्या तिला राहावयास मिळाल्या, त्याही लेखी काही नसताना. ती बाई आजही संस्थेच्या हळदीकुंकवाला येते. आम्ही तिच्यासमोर हा विषय काढीत नाही.

ह्याला उपाय अवघड नव्हता. खरेदी पतिपत्नी दोघांच्या नावे करावी. नवरा येऊ शकत नसेल तर तो जेथे आहे तेथील उपनिबंधकासमोर बायकोच्या नावे, त्या एकाच कामापुरते मुखत्यारपत्र करून त्याने पाठवावे. सगळ्या मिळकतीचे सर्वाधिकार कोणालाच देऊ नयेत. उलट बाजूने, विकणारा जर खरेदीपत्राऐवजी ‘मुखत्यारपत्रावर देतो’ म्हणू लागला, तर उठून यावे. तशा कागदाने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सांगितले आहे.

आपल्या भागापुरत्या दोन सावधगिऱ्या. गावाभोवतीच्या शेतजमिनींचे तुकडे पाडून, बिनशेती न करता नुसत्या बॉन्डावर प्लॉट विकण्याचा धंदा जुना आहे. रजेवर आलेला जवान, खिशात फंडाचे पैसे आणि परतीचे तिकीट दहा दिवसांवर, हे त्या धंद्याचे आवडते गिऱ्हाईक. असल्या प्लॉटवर बँक कर्ज देत नाही, आणि बँक जेथे हात आखडते तेथे आपणही आखडावा. दुसरे, कॅम्पातले जुने बंगले स्वस्त आहेत असे ऐकून भुलू नये. छावणीतल्या कित्येक जागांची जमीन सरकारची असते, मालकाकडे असते ती केवळ इमारत. फ्लॅट घ्यावयाचा तर २०१६ च्या रेरा कायद्याखाली त्या बांधकामाची नोंदणी आहे ना, हे पाहावे.

तिसऱ्या घरासाठी घाई नसते, हा त्याचा मोठा गुण. लष्कराची गृहनिर्माण संस्था, आर्मी वेल्फेअर हाऊसिंग ऑर्गनायझेशन, १९७८ साली निघाली. ती ना-नफा तत्त्वावर नोकरीतल्या, निवृत्त झालेल्या व विधवांसाठी घरे बांधते. घर मिळावयास वर्षे लागतात, पण निवृत्तीस आठ-दहा वर्षे असणाऱ्याला ते अडत नाही. आर्मी ग्रुप इन्शुरन्स फंडातून घरासाठी कर्ज मिळते, भविष्यनिर्वाह निधीतूनही रक्कम काढता येते. बँकेत जाण्यापूर्वी हे दोन दरवाजे ठोठवावे. गावाकडे वाडा पडून असेल तर त्याची वाटणी आधी लेखी करून घेणे हे सर्वांत स्वस्त घर, असेही आम्ही पुष्कळांना सांगतो. फारसे कोणी ऐकत नाही.

२०२२ पासून अग्निवीर म्हणून जाणाऱ्या मुलांविषयी एक शब्द. चार वर्षांनी त्यांच्यातल्या बहुतेकांना बाहेर पडावे लागते, निवृत्तिवेतन नाही, आणि हाती येते ती सेवानिधीची रक्कम, योजना जाहीर झाली तेव्हा सांगितली ती सुमारे ११ लाख ७१ हजार. घरचे लोक तिच्यावर प्लॉट मनात धरून बसतात. पुढची नोकरी कोणत्या गावी लागेल हे कळेपर्यंत ती रक्कम बँकेतच असू द्यावी.

ज्यांचा व्यवहार चालू असेल त्यांनी कागद घेऊन रविवारी सकाळी कचेरीत यावे. उतारा कन्नडमध्ये असला तरी वाचून देणारे सभासद तेथे असतात, आणि त्याचे काही पडत नाही. मात्र इसाराची रक्कम देण्यापूर्वी यावे.