सुमेरची शेती : पाणी आले, मीठ राहिले

१९४९-५० साली इराकमधील निप्पूर या प्राचीन नगराच्या उत्खननात तीन इंच रुंद व साडेचार इंच लांब अशी मातीची एक लहानशी पाटी सापडली. पूर्वी मिळालेल्या इतर तुकड्यांशी ती जुळवून पाहिली, तेव्हा सुमारे शंभर ओळींचा एक सलग मजकूर विद्वानांच्या हाती आला. हा मजकूर राजाच्या दिग्विजयाचा नव्हता, की देवाचे स्तोत्रही नव्हते. शेतात पाणी घेण्यापासून धान्य उफणण्यापर्यंतची वर्षाची सर्व कामे एका शेतकऱ्याने आपल्या मुलास क्रमाने समजावून दिली होती. ही पाटी सुमारे ३७०० वर्षांपूर्वीची आहे. जगातील अतिप्राचीन शेतकी पत्रिका असे तिला म्हणावयास हरकत नाही.

हा उपदेश ज्या भाषेत लिहिला आहे, त्या सुमेरी भाषेच्या लोकांनी जगातील अगदी पहिली नगरे वसविली व पहिले हिशेब लिहून ठेवले. पुढे त्यांच्याच भूमीवर पहिले साम्राज्य उभे राहिले. परंतु ज्या जमिनीच्या बळावर हे सारे घडले, तिच्या पुष्कळ भागाला कालांतराने मीठ फुटले. पाण्याने वैभव कसे येते आणि त्याच पाण्याने जमीन कशी जाते, हे या कथेवरून स्पष्ट होते.

दोन नद्यांचा प्रदेश

तैग्रिस आणि युफ्रेटिस या दोन नद्या तुर्कस्तानच्या डोंगराळ भागात उगम पावून इराकमधून इराणच्या आखाताकडे वाहतात. त्यांच्या खालच्या टप्प्यातील सपाट, गाळाची भूमी म्हणजे सुमेर. जमीन सुपीक खरी. परंतु तेथे वर्षाकाठी सहा-सात इंचांहून अधिक पाऊस पडत नाही. जिराईत शेती अशा ठिकाणी अशक्यच होय.

नद्यांचे पाणीही सोयीच्या वेळी येत नसे. डोंगरावरील बर्फ वितळून पूर येई तो एप्रिल-मे महिन्यांत, म्हणजे सातू आणि गहू काढणीला आलेले असताना. पेरणीच्या वेळी, शरद ऋतूत, मात्र नद्या अगदी उतरलेल्या असत. त्यामुळे पुरापासून पिकाचे रक्षण करण्यासाठी बंधारे आणि पेरणीच्या वेळी पाणी आणण्यासाठी पाट, अशी दुहेरी व्यवस्था करणे भाग होते. पाटात गाळ भरे, तो पुनःपुन्हा उपसावा लागे. ही कामे एका कुटुंबाच्या आवाक्यातील नव्हती. अनेकांनी मिळून काम करण्याची शिस्त तेथील रहिवाशांना प्रथम पाण्यानेच लावली.

धान्याच्या राशीतून नगरे

योग्य वेळी पाणी मिळाले की ती जमीन भरभरून पिके. घरची गरज भागून धान्य उरू लागले, तेव्हा कुंभार, विणकर, धातुकाम करणारे व पुजारी अशा बिगरशेती लोकांचे पोट त्यावर भरू लागले. इ. स. पूर्व ३२०० च्या सुमारास उरुक हे नगर सुमारे २५० हेक्टर क्षेत्रावर पसरले होते. गावोगावचे धान्य देवळाच्या कोठारात जमा होई व तेथून मजुरांना शिधा वाटला जाई. किती आले, किती गेले, हे तोंडी लक्षात राहीना, म्हणून ओल्या मातीच्या पाटीवर बोरूने खुणा करण्यास प्रारंभ झाला. लेखनकलेचा उगम असा धान्य आणि जनावरे यांच्या हिशेबात आहे. तासाची ६० मिनिटे आपण मोजतो, तीही या प्रदेशातील साठाच्या गणनेचीच देणगी होय.

पाटीवरील उपदेश

या पाटीतील सूचना आजच्या शेतकऱ्यासही परक्या वाटणार नाहीत. शेत भिजविण्यापूर्वी बांध व पाट नीट तपासावेत. शेतात पाणी फार चढू देऊ नये. जमीन वेळेवर साफ करून ढेकळे फोडावीत. अवजारे आधीच दुरुस्त करून ठेवावीत, असे बाप मुलास बजावतो. पेरणीचे बी दोन बोटे खोल पडावे आणि ते सारखे पडते की नाही यावर लक्ष ठेवावे, अशीही सूचना आहे.

या पेरणीचे अवजार आपल्या पाभरीची आठवण करून देते. नांगराला उभी नळी जोडलेली असे आणि तिच्या वरच्या चाड्यासारख्या भागात माणूस बी सोडीत जाई. प्राचीन मुद्रांवर या अवजाराची चित्रे कोरलेली आढळतात.

उगवणीनंतर पाखरे राखावीत आणि पिकाच्या ठराविक अवस्थांत पाणी द्यावे. मात्र एका अवस्थेत पाणी दिल्यास तांबेऱ्यासारखा रोग पडतो, म्हणून ते टाळावे, असे पाटी सांगते. अखेरचे पाणी नेमक्या वेळी दिल्यास उत्पन्न सुमारे दहाव्या हिश्श्याने वाढते, असाही तिचा हिशेब आहे. पाणी केव्हा द्यावे याबरोबर केव्हा देऊ नये, याचेही ज्ञान त्या शेतकऱ्यास होते.

बांधावरील तंट्यापासून साम्राज्यापर्यंत

शेती पाटाच्या पाण्यावर असली की हद्दीचे आणि पाण्याचे तंटे आलेच. लगाश व उम्मा ही दोन शेजारी नगरराज्ये एका सुपीक पट्ट्यासाठी कित्येक पिढ्या लढली. किशचा राजा मेसिलिम याने मध्यस्थी करून हद्दीचा दगड रोवून दिला होता. उम्माच्या अधिपतीने तो उपटून टाकला. इ. स. पूर्व २४५० च्या सुमारास लगाशचा राजा एअन्नातुम याने उम्माचा पराभव केला व त्या विजयाचे चित्र शिळेवर कोरविले. तरीही तंटा मिटला नाही.

अशा आपसांतील लढायांनी नगरे दुबळी झाली. इ. स. पूर्व २३३४ च्या सुमारास सत्तेवर आलेल्या अक्कडच्या सारगोनने ती जिंकून एका छत्राखाली आणली. हे जगातील पहिले साम्राज्य मानले जाते. पुढे उर नगराच्या राजघराण्याने सुमारे शंभर वर्षे राज्य केले, इ. स. पूर्व २००४ च्या सुमारास तेही कोसळले आणि कालांतराने सत्तेचे केंद्र उत्तरेकडे, बाबिलोनकडे सरकले.

बाबिलोनचा राजा हम्मुराबी याची कायद्याची शिळा १९०१ साली सापडली. आपला बांध दुरुस्त न ठेवल्यामुळे तो फुटून शेजाऱ्यांचे शेत बुडाले, तर बुडालेल्या धान्याची भरपाई त्या माणसाने करून द्यावी, असा नियम तीवर कोरलेला आहे. पाटाचे तोंड उघडून निष्काळजीपणे बसणाऱ्यासही भरपाई चुकत नसे.

जमिनीला मीठ फुटले

शेजाऱ्याच्या शेतात उघड्यावर शिरलेले पाणी दिसते. जमिनीखाली हळूहळू चढणारे पाणी मात्र दिसत नाही. सुमेरचे खरे नुकसान या दुसऱ्या पाण्याने केले.

नदीच्या गोड्या पाण्यातही थोडे क्षार विरघळलेले असतात. पीक पाणी शोषून घेते, काही पाणी उन्हाने उडून जाते आणि क्षार मागे राहतात. निचरा चांगला असल्यास ते पाण्याबरोबर खाली वाहून जातात. सुमेरची भूमी मात्र अत्यंत सपाट. नद्यांची पात्रेही गाळ साठून आसपासच्या शेतांहून उंच झालेली. त्यामुळे शिरलेल्या पाण्यास बाहेर पडण्यास वाट नव्हती. भूजलाची पातळी चढत जाऊन मुळांजवळ आली, की दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे खारे पाणी मातीच्या बारीक छिद्रांतून वर चढते, उडून जाते आणि पृष्ठभागावर पांढरा थर ठेवून जाते.

थॉर्किल्ड याकोब्सन व रॉबर्ट ॲडम्स या संशोधकांनी १९५८ साली प्राचीन पाट्यांतील हिशेबांच्या आधारे या ऱ्हासाचा आलेख मांडला. त्यांच्या मते इ. स. पूर्व ३५०० च्या सुमारास तेथे गहू व सातू जवळजवळ सारख्या प्रमाणात होते. गव्हास खारवट जमीन सोसत नाही, सातूस बऱ्याच प्रमाणात सोसते. गहू मागे पडत गेला आणि इ. स. पूर्व १७०० पर्यंत दक्षिणेतून जवळजवळ नाहीसा झाला. हेक्टरी उत्पन्न इ. स. पूर्व २४०० च्या सुमारास २५३७ लिटर धान्य होते. ते ३०० वर्षांनी १४६० वर आणि इ. स. पूर्व १७०० च्या सुमारास ८९७ लिटरवर आले. काही विद्वानांनी पुढे या आकड्यांवर आक्षेप घेतले. साम्राज्ये लयास जाण्यास युद्धे, आक्रमणे व नद्यांची बदलती पात्रे अशी इतर कारणेही होती. तथापि दक्षिण इराकमधील क्षारयुक्त जमिनींचे विस्तीर्ण पट्टे आजही डोळ्यांस दिसतात.

पडीक ठेवण्यातील शहाणपण

तेथील शेतकऱ्याजवळ या संकटावर एक साधा उपाय होता. एक वर्ष पीक घेतल्यावर दुसऱ्या वर्षी शेत पडीक ठेवीत. त्यात जवासा आणि शमीच्या कुळातील एक खोल मुळांचे झुडूप आपोआप वाढे. त्यांची मुळे खोलवरची ओल शोषून घेत, त्यामुळे खालचे पाणी उतरे आणि पुढील पिकाच्या वेळी क्षार खाली धुऊन जाण्यास वाव मिळे. अधिक धान्याच्या हव्यासाने ही विश्रांती मोडून वरचेवर पाणी व पीक घेतले, की काही वर्षे उत्पन्न वाढे आणि नंतर जमीनच हातची जाई.

आपल्या बागायतीस धडा

हा धोका महाराष्ट्रासही नवा नाही. नीरेच्या डाव्या कालव्याखाली आणि कृष्णाकाठी सांगली-कोल्हापूर भागात, बारमाही उसास सढळ पाणी दिल्यामुळे उत्तम काळ्या जमिनी पाणथळ व खारवट झाल्याचे अनुभव आहेत. काळ्या भारी जमिनीत निचरा मुळातच मंद असतो, म्हणून तेथे दक्षता अधिक हवी.

शेतात उगवण तुटक होणे, पानांच्या कडा करपणे, सकाळी सरीच्या माथ्यावर पांढरी पुटी दिसणे व विहिरीचे पाणी वर्षागणिक वर येणे, ही धोक्याची पहिली लक्षणे होत. ती दिसताच मातीचे परीक्षण करून घ्यावे. पाण्याच्या पाळ्या जमीन व पीक पाहून ठरवाव्यात. ओढे-नाले बुजवू नयेत. चर खणावयाचे तर त्यांचे पाणी कोठे सोडावयाचे, हे प्रथम ठरवावे. एकट्याच्या शेतातील चर शेजाऱ्याच्या बांधाशी थांबला तर त्याचा उपयोग नाही. चोपण जमिनीस जिप्सम देणे हितकारक असले, तरी निचऱ्याची सोय केल्याशिवाय तो खर्च वाया जातो. ताग, धैंचा यांसारखी हिरवळीची पिके फेरपालटात घ्यावीत.

ही कामे गावाने एकत्र बसून करावयाची आहेत. सुमेरच्या लोकांनी पाणी आणण्यासाठी एकजूट केली आणि त्यातून नगरे उभी राहिली. शेतात आलेले जादा पाणी बाहेर काढून देण्यासाठीही तशीच एकजूट लागते. पाट गावात येईल त्याच वर्षी निचऱ्याचा चर कोठून जाईल, हेही गावाने ठरवावे.